धर्मशाळेतली यमपुरी

शनिवार, ११ जानेवारी १९५८

देवळाच्या मंडळींची बैठक आज आमच्या ओटीवर झाली. विषय माघातल्या सप्ताहाचा. दरवर्षी तेच ते. भजन, कीर्तन, पौर्णिमेला दशावतार. माणसं येतात, अर्धी बसल्या जागी पेंगतात, उरलेली प्रसादाची वाट बघतात. धर्म कानावरून जातो, अंगाला लागत नाही.

चहा देताना मला राहवलं नाही. दाराआडून म्हटलं, बघायला बसवूच नका, चालायला लावा. धर्मशाळेच्या पाच खोल्या एकीतून एक आहेत. त्यांत यमपुरी करा. माणूस पुढच्या दाराने एकटा आत जाईल, मेल्यावर जीव जातो तसा, आणि पाचव्या खोलीच्या मागच्या दाराने देवाच्या पायाशी निघेल. पोथी ऐकून कोणी सुधारत नाही. पायाला चिखल लागला पाहिजे.

 मग आमचे हे म्हणाले, "आमची मॅट्रिक आसा." माझं म्हणणं खोडता आलं नाही की हे असंच म्हणतात. सगळे हसले आणि आखणीचं काम माझ्यावर आलं. दशावतारात राक्षस होतो तो गंगाराम यमदूत होणार. खिडक्या बंद करायला विणलेली झापं आमच्याच माडांची, तेव्हा त्याचा खर्च नाही.

देवा, अहंकार होऊ देऊ नकोस. पण सुचलं मला, हे खरं.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

माझे धाकटे दीर शंकर मुंबईला गोदीत आहेत. त्यांचं पत्र आलं. खोली मिळाली. सप्ताह झाला की रुक्मिणीने गुरुदासला घेऊन बोटीने यावं. रुक्मिणी माझी जाऊ. तिला वाचता येत नाही, त्यांची पत्रं मीच वाचून दाखवते. ऐकून तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उलटं धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

गुरुदास दहा महिन्यांचा. सहाव्या महिन्यापासून माझ्याच कुशीत निजतो, रुक्मिणीची झोप जड म्हणून. मुंबईच्या खोलीत ऊन येत नाही म्हणतात. तिथे त्याला न्हाऊ कोण घालणार, धुरी कोण देणार? मला मूल नाही. देव देतो तेव्हा कुठल्या हाताने देतो हे आपण विचारू नये, एवढं मला कळतं.

लाडू वळताना रुक्मिणी मधेच थांबली. म्हणाली, "वयनी, एक इचारू? त्या दिवशी सुभी देवघराकडे इली होती काय?"

सुभद्रा तिची पहिली लेक. दोन वर्षांपूर्वी श्रावणात परसातल्या विहिरीत पडून गेली. चार वर्षांची होती. मी म्हटलं, नाही गो. रुक्मिणी पुढचा लाडू वळू लागली.

उंबऱ्यापर्यंत आली होती, हे खरं आहे. इथे लिहायला हरकत नाही. मी सोवळ्यात होते, हातात नैवेद्याचं ताट. ती पाणी मागत होती. सोवळ्यात मुलांना शिवता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं, ती उंबरा ओलांडत नसे. मी म्हटलं, विहिरीवर गंगू भांडी घासते आहे, तिच्याकडे माग. गंगू त्या वेळी घरी निघून गेली होती, हे मला देवघरातून कसं कळणार? आणि नैवेद्य अर्ध्यावर टाकून उठायचं कसं? हे आता रुक्मिणीला सांगून तिच्या जिवाला काय मिळणार आहे?

मुळात रुक्मिणी घरात नव्हती. कासाराकडे बांगड्या भरायला गेली होती. श्रावण आहे, भरून ये, असं मीच म्हटलं होतं. पण गेली ती.

दोन वर्षं काही विचारलं नाही. आजच का विचारलं असेल?

सोमवार, २० जानेवारी

पहिल्या खोलीत वैतरणी. खाडीचा गाळ घोटाभर पसरला, वर शेवाळ. अंधारात अनवाणी पाय पडला की माझ्याच अंगावर काटा आला. दुसरीत नारळाच्या सोडणांचा धूर, डोळे चुरचुरतील इतकाच. तिसरीत गंगाराम आणि त्याची माणसं, हातात करवती, तोंडाला काजळ. चौथीत पांढऱ्या पडद्यामागे चित्रगुप्त. पाचवीत तीर्थ.

आज दारं बसवणाऱ्या विठोबा सुतारालाच आत सोडून पाहिलं. मी झापाच्या फटीतून बघत होते. गाळात तो दचकला. धुरात देवाचं नाव घेतलं. आणि तिसऱ्या खोलीत राक्षस अंगावर आले तसा हसायला लागला. "रे गंगाराम, तुजी मिशी खाली इली." दोघं मग तिथेच विडी ओढत बसले.

गंगाराम मला म्हणाला, "काकी, माका सगळी वळखतत. काल त्यांच्याच अंगणात पेज जेवलंय, आज त्यांका भेवडावचा कसा?"

बरोबर आहे त्याचं. माणूस राक्षसाला भीत नाही, कारण राक्षस त्याचा कोणी लागत नाही. मग तो भितो कशाला? दुपारभर तांदूळ निवडताना हाच विचार.

शुक्रवार, २४ जानेवारी

तिसरी खोली रिकामी केली. तिथे काहीच नाही, फक्त काळोख. आणि माणसाने थांबायचं, पुढचं दार उघडेपर्यंत. मी स्वतः उभी राहून पाहिलं. शंभर आकडे मोजेपर्यंत माणूस आपल्याआपणच काहीतरी आठवायला लागतो. मला काय आठवलं ते लिहीत नाही. फालतू होतं.

चौथीतल्या आवाजाचं जमलं. गंगारामने रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलायचं. त्याचा आवाज त्याचाच राहत नाही, विहिरीतून आल्यासारखा येतो.

पण बोलायचं काय? पोथीतली पापं वाचून काही होणार नाही. मग मला वही सुचली. प्रत्येकाच्या नावाचं पान. गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं बारा वर्षं मी लिहिते, मी वाचते. माझ्या ओटीवर पदर डोळ्याला लावला नाही असं घर नाही. ते सगळं मी कोणाला कधी सांगितलं नाही. पण ते माझं नव्हे, देवाने माझ्यापाशी ठेवायला दिलेलं. देवाच्याच कामाला लावते आहे.

माणूस पुढच्या दाराने शिरला की मी फटीतून ओळखणार, तो तिसऱ्या खोलीत थांबेल तेवढ्यात पान काढून गंगारामला कानात सांगणार. त्याचं पाठांतर दशावताराचं, एकदा ऐकलं की पुरे.

बुधवार, २९ जानेवारी, सप्ताहाचा पहिला दिवस

दुपारी तीन ते पाच बायका, नंतर पुरुष. मी या वहीच्या मागच्या पानांवर रकाने पाडलेत: नाव, कुठे किती थांबलं, मागे वळलं का, बाहेर आल्यावर काय केलं.

मोठी पापं कुचकामी. परस्त्री म्हटलं तर पुरुष मिशीत हसतात. चोरी म्हटलं तर शेजाऱ्याचं नाव सांगतात. संध्याकाळपर्यंत मी खट्टू झाले होते. मग विठोबा सुतार आला, दुसऱ्यांदा, मजा बघायला. त्याच्या पानावर मी एवढंच लिहिलं होतं: आई शेवटच्या दिवशी पेज मागत होती. तू म्हणालास, हा रंधा मारून होऊ दे.

त्याच्या बायकोने मुंबईच्या दिराला लिहिलेल्या पत्रात होतं ते.

घागरीतून ते आलं तसा विठोबा खाली बसला. हसला नाही, रडलाही नाही. हात रंधा मारल्यासारखे पुढे-मागे करत राहिला. दोघांनी धरून बाहेर काढला. त्याचा चेहरा बघून रांग मोडेल असं वाटलं होतं. उलट वाढली.

म्हणजे पाप लहान हवं, आणि खरं. आणि त्यात एक तरी गोष्ट हाताने धरता येईल अशी हवी. रंधा होता म्हणून लागलं.

विठोबा सुतार: चौथ्या खोलीत सुमारे पाच मिनिटं. उत्तम.

गुरुवार, ३० जानेवारी

यमुनाबाई. तिच्या पानावर: तू आजारी नव्हतीस. मुलाने यावं म्हणून तसं लिहवलंस. तो आला आणि तिकडे त्याची नोकरी गेली.

तिने पदर सारखा केला. मग पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "ह्या पत्र मी एकीकडसूनच लिवन घेतललंय." आणि गेली. तीर्थसुद्धा घेतलं नाही. एरवी देवळात माझ्याशेजारी बसायची ती आज खांबापलीकडे बसली. पश्चात्ताप माणसाला असा लाजवतो.

शुक्रवार, ३१ जानेवारी

हौसाबाई मासेवालीने सगळं नासवलं. घागरीतून आवाज आला, तू शिळा बांगडा ताजा म्हणून विकलास. ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "होय, इकलंय. आनी तुमी देवांनी भाव पाडून घेतलास, ता खंय लिवलास?" रांगेतल्या बायका बाहेर फिदीफिदी हसल्या. त्यानंतरची सात-आठ माणसं वाया गेली. तिला उद्यापासून शेवटी सोडायचं.

संध्याकाळी मागच्या दारी मासे द्यायला आली. सप्ताहात आमच्याकडे मासे नसतात, हे तिला माहीत आहे. टोपली न उतरवताच म्हणाली, "आनंदीबाय, सगळ्यांची पानां लिवलास. तुमचा पान खंय आसा?"

मी तिला सांगितलं, लिहिलं आहे. खरंच लिहिलं आहे. गेल्या आषाढी एकादशीला चुकून मोहरीची फोडणी खाल्ली, ते.

रविवार, २ फेब्रुवारी

बांद्याहून तीन माणसं मुद्दाम बघायला आली. यांना म्हणाली, असं घाटावरसुद्धा कोणी केलं नाही.  हे अजून आत गेलेले नाहीत. रुक्मिणीही नाही.

गावातल्या बहुतेक बाया एकदा तरी जाऊन आल्या. रुक्मिणी मात्र मुंबईची तयारी करते आहे. गुरुदासला नवं अंगडं शिवते, शिवताना गुणगुणते. मी दोन वर्षं बघते आहे, हिने लेकीसाठी मनासारखं रडून घेतलंच नाही. पोटात अडकलेलं कधीतरी निघावं लागतं. नाहीतर त्याचा ताप पुढच्या मुलाला होतो. मुंबईच्या वाटेवर काही झालं तर? तिच्याच कल्याणाचं आहे. देवापुढे बसून विचार केला, मन शांत आहे.

तिचं पान लिहायला इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. तीनदा खोडलं.

गंगारामला वाचून दाखवलं. त्याने घागर खाली ठेवली. म्हणाला, "काकी, मी राकेस होतंय तो खोटो, म्हणान लोक हसतत. ह्या खरा आसा. ह्या माझ्या तोंडातसून जावचा नाय."

मी म्हटलं, विठोबाच्या वेळी तुझं तोंड कुठे गेलं होतं? तो मान खाली घालून बसला. पण हो म्हणाला नाही. दशावतारी माणूस, शेवटी त्याला टाळ्या हव्यात.

मग मीच बोलेन. घागरीत कोणाचं तोंड आहे, पलीकडे काय कळतं?

सोमवार, ३ फेब्रुवारी

मीच तिला म्हटलं, गावभर बायका विचारतात, घरचीच आली नाही. तशी ती तयार झाली. गुरुदासला बाहेर हौसाबाईच्या मांडीवर ठेवून आत आली.

गाळात पाय पडताच तिने लुगडं वर धरलं आणि बारीक हसली, लहान मुलीसारखी. धुरात खोकली. तिसऱ्या खोलीत मी तिला इतरांपेक्षा जास्त थांबवलं. बराच वेळ तिने काही केलं नाही. मग भिंतीला हात लावून म्हणाली, "कोण आसा?"

मी दार उघडायची खूण केली. घागर थंडगार होती. गंगाराम कोपऱ्यात बसला होता. मी वाचलं:

"रुक्मिणी, शंकराची बायको. श्रावणातला दिवस. तू कासाराच्या ओसरीवर हात पुढे करून बसली होतीस. त्या वेळी तुझ्या लेकीला तहान लागली होती. ती पाणी मागत होती. तू घरात नव्हतीस. लेकीला बाहेर काढलंस तेव्हा तुझ्या नव्या बांगड्यांतली एकही फुटली नव्हती."

बांगड्या ऐकून ती खाली बसेल असं मी धरलं होतं. त्यासाठीच त्या शेवटी ठेवल्या होत्या. पण बांगड्या तिने ऐकल्याच नाहीत. ती आधीच्याच शब्दावर थांबली होती. पडद्यापाशी आली, इतकी जवळ की कापड तिच्या श्वासाने हलत होतं.

"तिका तान लागलेली?"

मी हातातलं पान उलटून पाहिलं.

"सांग गो. तिका तान लागलेली?"

चित्रगुप्ताला उलट प्रश्न कोणी केला तर काय करायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मी घागरीत "होय" म्हटलं.

ती पाचव्या खोलीत गेली. तिथे तीर्थाचं तांब्याचं भांडं होतं. ते तिने उचललं आणि जमिनीवर हळूहळू सगळं ओतलं, थेंबसुद्धा न ठेवता, कोणाला तरी पाजल्यासारखं. मग बाहेर गेली. हौसाबाईने गुरुदास पुढे केला तर दोन्ही हात मागे घेतले.

गंगाराम उठला. माझ्याकडे बघत म्हणाला, "चेडवाक तान लागलेली, ता तुमका कसा कळला?"

मी म्हटलं, लिहिताना देव सुचवतो. तो घागर घेऊन गेला. घागर त्याच्या घरची होती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, पौर्णिमा

गंगाराम आला नाही. घरात काम आहे म्हणून निरोप. आमच्या घरची घागर नेली आणि दिवसभर मीच बोलले. घसा बसला.

शेवटाकडे हे आले. यांच्या पानावर मी साधंच लिहिलं होतं: वडिलांच्या श्राद्धाला एकदा उशीर केला. ऐकून हे उभेच राहिले. मग म्हणाले, "आनी?"

दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

"आनी कायच नाय लिवलंस?"

 हे इतका वेळ उभे होते की रांगेतली माणसं बाहेर कुरकुरायला लागली. मग हे मागे वळले आणि आलेल्या वाटेनेच, धुरातून, गाळातून, पुढच्या दाराने बाहेर पडले. सात दिवसांत तसं कोणी गेलं नाही. देवाच्या दाराशी येऊन मागे फिरायचं हे काय?

रकान्यात काय लिहायचं सुचेना. कोरा ठेवला.

रविवार, ९ फेब्रुवारी

रुक्मिणी रडत नाही. म्हणजे माझा हेतू पुरता साधला नाही. पण बदल आहे. बोलत नाही, कामं करते. विहिरीवर गेली की कळशी भरून तिथेच ठेवते आणि रिकाम्या हाताने येते. पुन्हा जाते, दुसरी भरते. आज विहिरीच्या काठावर सहा भांडी भरलेली होती, घरात प्यायला पाणी नव्हतं.

गुरुदासला पाजायला घेते तेव्हा मला शेजारी बसवते. झालं की लगेच माझ्याकडे देते.

यमुनाबाई मुलाचं पत्र घेऊन पोस्टमनकडे गेली, असं गंगू सांगत होती. पोस्टमनला वाचून दाखवायला वेळ असतो का? विठोबाच्या बायकोचंही पत्र आलेलं दिसलं, तीही आली नाही. सप्ताहाच्या थकव्याने कोणी घराबाहेर पडत नसेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज सकाळी पूजा झाल्यावर रुक्मिणी माझ्यासमोर येऊन बसली आणि माझे पाय धरले. मी उठवलं तरी उठेना.

"वयनी, दोन वर्सां माझ्या मनात तुमच्याविषयी वायट होता. माका वाटायचा, तुमी कायतरी लपयतास. म्हणान त्या दिवशी इचारलंय. देवान माका बरी शिक्षा केल्यान."

मी म्हटलं, मनात येतं माणसाच्या.

"आत बाईचो आवाज होतो, वयनी. देवी होती ती. बांगड्यांचा माका म्हायत होता, तुमकाव म्हायत होता. तानेचा कोणाक म्हायत नाय. ता देवाकच म्हायत असतला. म्हणान माका खरा वाटला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी श्रद्धा मी तिच्यात कधी पाहिली नव्हती.

मग म्हणाली, "गुरुदासाक तुमीच ठेवा. माझ्या हातात नको."

मी लगेच हो म्हटलं नाही. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. ती तर मुंबईलाही जायला तयार नव्हती, पण मी समजावलं, नवऱ्याला एकटं किती दिवस ठेवायचं? खोलीचं भाडं चालू आहे.

तिच्याच सांगण्यावरून शंकरभावजींना पत्र लिहिलं. मुलाची प्रकृती नाजूक आहे, मुंबईची हवा सोसणार नाही, सध्या इथेच राहू दे. "सध्या" हा शब्द तिने सांगितला नव्हता, मी घातला. उगाच त्यांना एकदम वाईट वाटायला नको. शेवटी आणखी काही लिहायचं का असं तिला विचारलं, तर म्हणाली, थंय नळ आसा काय, तितक्या इचारा.

यांना संध्याकाळी सांगितलं. हे जेवत होते. हात धुतला आणि ताटावरून उठले. रागावलात का विचारलं, तर नाही म्हणाले. अलीकडे यांना भूक कमी झाली आहे.

देवघरात साखर ठेवली. आज मी आई झाले असं लिहिणार होते, पण लिहीत नाही, दृष्ट लागते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रुक्मिणीला बोटीवर पोचवून आले. हे आले नाहीत, गंगू आली होती सोबतीला.

बोट बाहेर खोल पाण्यात उभी होती. धक्क्यावरून माणसं तिच्यापर्यंत नेणारे पडाव भरत होते. रुक्मिणीजवळ एक ट्रंक आणि खाऊचा डबा, एवढंच. मी सांगत होते, बोटीत थंडी वाजेल, डोकं झाकून घे, पोचल्याचं कोणाकडून तरी लिहव. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. गुरुदास माझ्या कडेवर झोपला होता म्हणून मी निश्चिंत होते.

पडावात पाय ठेवायच्या वेळी भोंगा झाला आणि तो दचकून उठला. तिला बघून हात पुढे केले आणि रडायला लागला. रोज रडतो तसं नव्हे. धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली.

रुक्मिणी फळीवर थांबली. तिच्या चोळीवर पुढे ओलं पसरायला लागलं, आधी एका बाजूला, मग दोन्ही. तिने पदर ओढून घेतला, तर पदरही भिजला. एक म्हातारी पडावातून म्हणाली, "अगो, पोराक घे, पाज तरी." रुक्मिणीने ऐकलं असेल. ती आत उतरली आणि सगळी बायामाणसं गावाकडे तोंड करून बसली होती, तिथे ही बोटीकडे तोंड करून बसली. दोन्ही हात मांडीखाली घालून.

पडाव बोटीला लागेपर्यंत मी उभी होते. सात दिवस मी माणसं पाहिली, कोण कुठे थांबतं, कोण कुठे मागे बघतं. इतकं रडणं कानावर पडत असताना मागे न बघणारं माणूस मला आजवर दिसलं नव्हतं. तिचं मन देवीने खरंच घट्ट केलं असावं.

घरी येईपर्यंत गुरुदास रडून निळा झाला होता. गाईचं दूध कोमट करून पाजलं. पहिली वाटी ओकला. दुसरी प्यायला.